अफगाण चर्चची भिंत वाचताना

कुलाब्याच्या छावणीत चर्चसाठी जागा द्यायला सरकार तयार झालं, पण अट घालून. शिखर उंच बांधायचं, इतकं की बंदराकडे येणाऱ्या जहाजांना ते लांबून दिसलं पाहिजे. देवाच्या घराला जमीन देतानाही समुद्रावरच्या वाटाड्याचं काम त्याच खर्चात उरकून घेणं ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबी स्वभावाला धरूनच झालं. आज नेव्हीनगरच्या रस्त्याने जाताना १९८ फुटांचं ते शिखर झाडांच्या आणि इमारतींच्या आडून एकदम समोर येतं. कागदोपत्री नाव ‘चर्च ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट’, म्हणजे सुवार्तिक संत योहानाचं मंदिर. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून उपयोग नाही. त्याला ‘अफगाण चर्च’ सांगावं लागतं. संताच्या नावावर लढाईचं नाव चढून बसलं आहे, आणि आत गेल्यावर ते बरोबरच आहे असं वाटतं.

ती लढाई आपल्याकडे शाळेत दोन ओळींत संपते. १८३८ साली इंग्रजांनी काबूलच्या गादीवर आपला माणूस बसवायचं ठरवलं. बंगालकडून एक फौज निघाली आणि मुंबईकडून सर जॉन कीनच्या हाताखाली दुसरी. मुंबईची फौज जहाजांनी सिंधच्या किनाऱ्यावर उतरली, १८३९च्या फेब्रुवारीत कराची हाती आली, मग बोलन खिंड, कंदाहार, जुलैत गझनी, ऑगस्टमध्ये काबूल. जिंकायला नऊ-दहा महिने लागले. गमवायला त्याहून कमी. १८४१च्या नोव्हेंबरात काबूल पेटलं आणि ६ जानेवारी १८४२ रोजी तिथली छावणी बर्फातून परत निघाली. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या घरात बाजारबुणगे. पानिपत ज्यांनी वाचलं आहे त्यांना हा शब्द आला की पुढचं सांगावं लागत नाही. आठवड्याभराने, १३ तारखेला, डॉक्टर ब्रायडन जखमी अवस्थेत जलालाबादच्या किल्ल्यापाशी पोचला. त्याच्याखेरीज काही शिपाई मागून आले, काही जण कैदेतून सुटले, बाकीचे खिंडीत राहिले.

काबूलहून निघालेल्या त्या तांड्यात बहुतेक पलटणी बंगालच्या होत्या. मुंबईच्या पलटणींनी आपली माणसं सिंधच्या वाळवंटात, बलुचिस्तानच्या डोंगरांत आणि परतीच्या वाटेवर गमावली. स्मारक मात्र उभं राहिलं मुंबईत. १८४३ मध्ये कुलाब्याचे लष्करी धर्मगुरू जॉर्ज पिगट यांनी कल्पना मांडली. छावणीत तोवर एक लहानसं, साधं प्रार्थनाघर होतं. तसं पाहिलं तर कुलाबा मुंबईला नीट जोडलं जाऊन पाचच वर्षं झाली होती. कॉजवेचा रस्ता पुरा झाला तो १८३८ साली, लढाई सुरू झाली त्याच वर्षी. त्याआधी ओहोटीची वाट बघायची, नाहीतर होडी करायची.

नकाशाची गोष्ट मजेची आहे. पहिला आराखडा विलायतेहून आला, जॉन मॅकडफ डेरिक या वास्तुकाराचा. तो देखणा होता आणि परवडणारा नव्हता. मग काम गेलं हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरकडे. हा गडी पुढे विहार तलावाचा आराखडा करणारा. मुंबईच्या पहिल्या मोठ्या पाणीपुरवठ्याचं काम त्याच्या नावावर आहे. शहराची घाण, गटारं आणि पाण्याची टंचाई यांवर अहवाल लिहिणाऱ्या माणसाने तेराव्या शतकातल्या इंग्लिश गॉथिक शैलीचं चर्च काढावं, याचं मला आधी आश्चर्य वाटायचं. वास्तू जवळून पाहिली की वाटेनासं होतं. इथे फाफटपसारा नाही. भिंत, कमान, छप्पर, प्रत्येकाला नेमून दिलेलं काम आहे आणि ते काम डोळ्यांना दिसतं.

४ डिसेंबर १८४७ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी कोनशिला बसवली. ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांनी चर्चचं प्रतिष्ठापन केलं. शिखर तेव्हाही झालेलं नव्हतं.

बाहेरून हे चर्च जरा कडक चेहऱ्याचं आहे. पिवळसर छटेचा इथलाच बेसाल्ट, जोडीला चुनखडीचा दगड, टोकदार अरुंद खिडक्या, भिंतींना बाहेरून दिलेले भक्कम आधार. पुढे वीस-तीस वर्षांत मुंबईत जो गॉथिक आला त्याला पानंफुलं, माकडं, मोर, घुमट असं सगळं चालायचं. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडात तर सगळं वनखातंच उतरलं आहे. अफगाण चर्च त्या सगळ्यांच्या आधीचं, आणि वयाने मोठं असूनही अंगावर दागिना नाही. त्या काळात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मंडळींनी चर्चच्या बांधणीबद्दल एक चळवळच उभी केली होती. ग्रीक खांबांची सभागृहासारखी चर्चं त्यांना मान्य नव्हती. मध्ययुगातलं गावचं चर्च जसं होतं तसं बांधा, वेदी खोल आणि उंचावर ठेवा, आतली प्रत्येक वस्तू उपासनेच्या क्रमात बसवा, असा त्यांचा आग्रह. हा आग्रह धरून बांधलेलं मुंबईतलं पहिलं महत्त्वाचं चर्च म्हणजे हे. फोर्टमधलं सेंट थॉमस १७१८ सालचं, वयाने ज्येष्ठ, पण त्याची जडणघडण अनेक हातांची. कुलाब्याच्या या चर्चला एकच विचार आहे आणि तो दारापासून वेदीपर्यंत सुटत नाही.

आत पाऊल टाकलं की पहिली जाणीव उंचीची होते. मधला लांबलचक भाग, दोन्ही बाजूंना पडव्या, आणि त्यांना वेगळं करणाऱ्या रुंद टोकदार कमानींच्या रांगा. छत पन्नास फुटांवर. कमानी रुंद आहेत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण गॉथिक म्हटलं की अरुंद, वर पळणारं काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे येतं. इथे वर जाणं आहे, पण घाई नाही. मधल्या भागात बसलेल्याला पडवीतला माणूस दिसतो आणि पडवीतल्याला वेदी. पलटणीच्या पलटणी एका वेळी बसवायच्या असतील तर अशीच कमान हवी. वारा खेळायलाही ती बरी. इंजिनिअर इथे दिसतो.

मधल्या भागाच्या टोकाला चान्सेल, म्हणजे वेदीचा भाग. त्याची कमान, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि मधला जाळीचा पडदा यांनी तो वेगळा काढलेला आहे. आपल्या देवळात सभामंडपातून अंतराळ ओलांडून गाभाऱ्याकडे बघताना जो फरक नुसत्या उजेडावरून कळतो, तोच इथेही आहे. फक्त क्रम उलटा. आपल्याकडे आत जावं तसा काळोख वाढतो, इथे उजेड वाढतो. कारण वेदीमागे पूर्वेची खिडकी आहे.

पूर्वेची आणि पश्चिमेची, दोन्ही खिडक्यांच्या काचा विल्यम वेल्सच्या. हा न्यूकॅसलचा, त्या काळी इंग्लंडात रंगीत काचांचं मोठं काम करणाऱ्यांपैकी एक. या काचांचा रंग वरून दिलेला नसतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंचे क्षार घालतात आणि रंग तिच्या अंगात मुरतो. मग नक्षीप्रमाणे तुकडे कापायचे, चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या काळपट रंगाने रंगवून भट्टीत भाजायच्या आणि सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत गुंफायचे. जवळून पाहिलं तर शिशाच्या काळ्या रेषा चित्राला छेदतात असं वाटतं. चार पावलं मागे आलं की त्याच रेषा चित्र उचलून धरतात.

वेल्सचा लाल आणि निळा चांगलाच गडद आहे. इंग्लंडच्या ढगाळ हवेसाठी तो कधी कधी जास्त होतो, अशी तक्रार त्या काळच्या काचांबद्दल केली जाते. मुंबईत ही तक्रार संपते. आपल्याकडचं ऊन पांढरंफटक. ते थेट आत आलं असतं तर दगडाचा पोत, फरशीचे रंग, सगळंच धुऊन निघालं असतं. काचेने त्याला आवरलं आहे. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास पूर्वेच्या खिडकीतून येणारा उजेड पायऱ्यांवर उतरतो तेव्हा लाल रंग दगडावर पडून मातकट होतो आणि निळा जवळजवळ विझतो. उरतो तो पिवळा. न्यूकॅसलच्या कारागिराने हे ऊन पाहिलं नव्हतं. तरीही ही काच तिच्या मायदेशापेक्षा इथे जास्त शोभते, असं माझं मत आहे. पावसाळ्यात मात्र ती इंग्लंडात असल्यासारखी दिसते, आणि तो अनुभवही चुकवू नये.

आतल्या सजावटीत मोठं नाव विल्यम बटरफिल्डचं. लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवरचं ऑल सेंट्स चर्च बांधणारा हाच. रंगीत विटा, रंगीत दगड आणि फरशा यांतून नक्षी काढणं हा त्याचा हातखंडा. रंग हा वरून दिलेला साज नसून बांधकामाचाच भाग असावा, हे त्याचं म्हणणं. तो हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याची रेखाटनं आली, आणि इंग्लंडातून बोटीने फरशा आल्या. वेदीमागची शोभिवंत भिंत त्याची, फरशीची भूमिती त्याची, पडदा आणि बाकंही त्याच्याच आराखड्याची.

फरशी नीट पाहावी. बहुतेक लोक वर बघत चालतात आणि ती तुडवून जातात. चौकोन, त्यात तिरका बसवलेला चौकोन, भोवती त्रिकोणांची किनार. तांबडा, काळपट, पिवळसर असे मोजकेच रंग. दाराकडून निघालं की नक्षी साधी असते. वेदीकडे जाल तशी ती दाट होते, रंग वाढतात, तुकडे लहान होतात. म्हणजे नजर वर न करता, नुसतं खाली बघत चालणाऱ्या माणसालाही आपण कुठे आलो ते समजावं अशी सोय आहे. मान खाली घालूनच चर्चमध्ये यायचं असतं, हे बटरफिल्डने धरून चाललेलं दिसतं. आपल्याकडे जुन्या वाड्यांतून आणि इराण्यांच्या हॉटेलांतून अशा भूमितीच्या फरशा लोकांनी पाहिलेल्या असतात, म्हणून इथली नक्षी परकी वाटत नाही. फरक आहे तो या चढत्या क्रमाचा.

आता बाकं. लाकडी, साधी, पाठ ताठ. त्यांच्या पाठीला बंदुका टेकवून ठेवण्यासाठी खाचा आहेत. इथे थांबून तारखा जुळवाव्यात. १० मे १८५७, रविवार. मीरतचे गोरे शिपाई संध्याकाळच्या प्रार्थनेच्या तयारीत होते, तेव्हा उठाव झाला. त्यानंतर छावण्यांमधल्या चर्चमध्ये बंदूक घेऊन येण्याची शिस्त आली. कुलाब्याच्या चर्चचं प्रतिष्ठापन झालं ते याच्या आठ महिन्यांनी, उत्तरेत लढाई अजून चालू असताना. एका पराभवाचं स्मारक उघडत होतं आणि दुसऱ्या पराभवाची भीती बाकात कोरली जात होती. खाच बोटाने चाचपून पाहिली तर कडा गुळगुळीत लागतात. गुडघे टेकण्याची जागा आणि बंदूक टेकण्याची जागा एकाच बाकात. या चर्चबद्दल कुणाला एकच गोष्ट दाखवायची झाली तर मी खिडकी दाखवणार नाही, ही खाच दाखवीन.

आणि मग भिंत. हे चर्च कुणासाठी बांधलं ते तिथे लिहिलं आहे. मजकूर लहान आहे आणि इंग्रजी वाक्य मोठं देखणं आहे, हे कबूल केलंच पाहिजे. त्याचा आशय असा: ज्यांची नावं चान्सेलच्या भिंतींवर लिहिली आहेत ते अधिकारी, आणि नावं लिहिता येणार नाहीत इतक्या मोठ्या संख्येचे हवालदार-शिपाई, १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत आपलं कर्तव्य स्मरून आजाराने किंवा तलवारीने पडले, त्यांच्या स्मरणार्थ.

एका वाक्यात सगळा साम्राज्याचा कारभार आहे. आधी प्रामाणिकपणा बघा. आजार आधी, तलवार नंतर. विजयस्तंभावर हा क्रम कुणी लावला नसता. ज्यांनी हे लिहिलं त्यांना ठाऊक होतं की बोलन खिंडीपर्यंत पोचायच्या आतच किती माणसं उन्हाने, तापाने, हगवणीने गेली. शौर्याची विशेषणं नाहीत, शत्रूला शिव्या नाहीत, जिंकल्याचा दावा नाही. सिंध अफगाणिस्तानच्या आधी आलं आहे, तेही मुंबईच्या नजरेतून बरोबर. कारण मुंबईची फौज गेली सिंधवरून आणि शेवटी १८४३ मध्ये इंग्रज सेनापती नेपियरने मियानीला आणि हैदराबादजवळ लढून घेतलं तेही सिंधच. हा शोकाचा मजकूर आहे आणि तो संयमाने लिहिलेला आहे.

पण नावांचं काय? अधिकाऱ्यांची नावं वेदीजवळ, चर्चमधल्या सगळ्यांत पवित्र जागेत. बाकीचे ‘इतके की लिहिता येणार नाहीत’. कंपनीच्या पलटणींत प्रत्येक शिपायाचं नाव हजेरीपटात असायचं, त्याशिवाय पगार कसा वाटणार? नावं होती. भिंतही कमी पडली नसती. दिल्लीच्या इंडिया गेटवर, जे १९३१ मध्ये पुरं झालं, याच राज्याने तेरा हजारांवर नावं कोरली आणि त्यांत शिपाई, नाईक, हवालदार आहेत. म्हणजे अडचण दगडाची नव्हती. १८४७ मध्ये साध्या सैनिकाचं नाव, मग तो गोरा असो की काळा, भिंतीवर लिहायची चीज मानली जात नव्हती. गोऱ्या शिपायालाही इथे नाव मिळालेलं नाही, हे विसरू नये.

आणि हिंदी शिपाई त्या वाक्यात आहे का? ‘हवालदार आणि शिपाई’ या शब्दांत तो बसू शकतो. त्याला बाहेर ठेवलेलं नाही, पण आत घेतल्याचंही कुठे म्हटलेलं नाही. भिंत त्याबाबत गप्प आहे. त्या फौजेत तर संख्येने तोच जास्त होता. यात आपल्याकडचा माणूस किती जवळचा होता त्याचं एक उदाहरण सांगतो. १८४०च्या उन्हाळ्यात मुंबई लष्कराच्या पाचव्या पलटणीची एक तुकडी कॅप्टन लुईस ब्राऊनच्या हाताखाली बलुचिस्तानच्या डोंगरांत काहान नावाच्या गढीत अडकली. भोवती मर्री टोळ्यांचा वेढा. सुटकेसाठी आलेली कुमक वाटेतच मार खाऊन फिरली. मे ते सप्टेंबर ही माणसं तिथे टिकून राहिली आणि शेवटी तह करून हत्यारांसह बाहेर पडली. या कामगिरीबद्दल १८४१ मध्ये त्या पलटणीला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. आज मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, ‘काली पांचवी’, ती हीच. मराठा लाइट इन्फंट्रीच्या नावातले मागचे दोन शब्द असे या मोहिमेतून आलेल्या मानाशी बांधलेले आहेत. तिच्यातल्या मेलेल्यांचं चर्च मानायचं तर तेही हेच.

शिखराची गोष्ट राहिली. जे अटीत पहिलं होतं ते बांधकामात शेवटचं झालं. पैसा संपला होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा शहरात पैसा खेळू लागला. कावसजी जहांगीर रेडिमनी या पारशी शेटजींनी शिखरासाठी साडेसात हजार रुपये दिले. १० जून १८६५ रोजी शिखर पुरं झालं. अमेरिकेतलं युद्ध तोवर थांबलं होतं, आणि तीन आठवड्यांत, १ जुलैला, मुंबईचा शेअरबाजार कोसळला. महिनाभर उशीर झाला असता तर जहाजांना आणखी किती वर्षं वाट बघावी लागली असती कोण जाणे. ख्रिस्ती सैनिकांच्या स्मारकाला पारशी दात्याचा पैसा, ही मुंबईची जुनीच रीत. मनोऱ्यातल्या आठ घंटा त्यानंतर खूप उशिरा, १९०४ मध्ये, इंग्लंडच्या टेलर कारखान्यातून आल्या. पश्चिम हिंदुस्थानात त्यांच्या तोडीच्या घंटा नाहीत असं जाणकार म्हणतात.

दोष सांगायचे तर आहेत. बाहेरची बाजू जरा निर्विकार आहे, आणि शिखराच्या नाजूक निमुळतेपणाशी खालच्या अंगाचा जडपणा पुरता जुळत नाही. मुंबईच्या दमट हवेत बटरफिल्डच्या रंगांना आणि लाकडाला जी काळजी लागते तिचा विचार लंडनमध्ये बसून कुणी केला नव्हता. तो भार इथल्या लोकांवर पडला. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मुंबई धर्मप्रांताकडे ही वास्तू आहे, पहिल्या दर्जाच्या वारसा यादीत आहे आणि इथे उपासना होते. गुडघे टेकणाऱ्या माणसांमुळेच ती संग्रहालय झालेली नाही.

मुंबईतल्या गॉथिक इमारतींमध्ये श्रीमंती पाहायची तर व्हिक्टोरिया टर्मिनस, विद्यापीठ, हायकोर्ट आहेतच. पण फरशीपासून बाकाच्या खाचेपर्यंत एकाच विषयावर इतकी टिकून राहिलेली दुसरी वास्तू या शहरात मला माहीत नाही. वाचकांनी जावं ते सकाळी, उपासनेची वेळ टाळून किंवा उपासनेलाच बसायचं ठरवून. चान्सेलच्या भिंतीवरची नावं वाचावीत. आणि चर्चच्या व्यवस्थापनाला, तसंच लष्कराच्या अधिकाऱ्यांना एक विनंती: जुन्या मजकुराला हात न लावता, मागच्या पडवीत कुठेतरी, त्या मोहिमांत गेलेल्या मुंबई लष्कराच्या पलटणींची यादी लावावी, इंग्रजीत आणि मराठीत. नावं नसली तर पलटणींचे नंबर तरी असावेत.